मासा कुठे जेवतो?

गेल्या सप्टेंबरपासून आमच्या घरी एक नियमच होऊन गेला होता. सकाळी डबा भरून जायचा आणि दुपारी जवळजवळ तसाच परत यायचा. बटाट्याची भाजी, मेथीचे पराठे, गूळ-तुपाची पोळी, सगळं करून पाहिलं. लेक तिसरीत. घरी आला की दप्तर टाकून आधी फ्रिज उघडायचा. विचारलं की म्हणायचा, "भूक नव्हती." मी मनाशी निष्कर्ष काढून ठेवला होता की पोराची चव बदलली, इथलाच झाला तो. परदेशात मुलं वाढवणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकींनी हा निष्कर्ष कधी ना कधी काढलेला असतो, आणि तो काढताना पोटात थोडं तुटलेलंही असतं.

मे महिन्यात माझे सासरे, आमचे अण्णा, इंदापूरहून सहा महिन्यांसाठी आले. त्यांच्या शेततळ्यात गेली काही वर्षं रोहू-कटला आहेत. आम्ही राहतो मिशिगनच्या नैर्ऋत्य भागात. या राज्यात लहानमोठी अकरा हजारांवर तळी आहेत, आणि त्यातलं एक आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. अण्णांना दुसऱ्याच दिवशी ते दाखवलं. त्यांनी काठावर उकिडवं बसून पाणी हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाले, "पाणी चांगलंय. पण इथला मासा खातो काय?"

एवढ्या साध्या प्रश्नावर आमचा सगळा उन्हाळा गेला. मी भूगोलात एम.ए. केलं, लग्नाआधी आणि नंतर मिळून सात वर्षं शाळेत शिकवलं. इथे आल्यापासून वर्ग नाही, पण सवय जात नाही. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही तिघं बसलो. अण्णा गळ टाकायचे (परवाना काढून बरं का, सतरा वर्षांखालच्या मुलांना इथे तो लागत नाही), लेक पट्टीने मासा मोजायचा आणि मी ग्रंथालयातून पुस्तकं आणायची. जे कळलं ते इतकं चकित करणारं होतं की मंडळाच्या अंकासाठी लिहायला बसले.

एकच मासा, तीन स्वयंपाकघरं

आमच्या तळ्यातला सगळ्यांत नेहमीचा मासा ब्लूगिल. तळहाताएवढा, चपटा, कल्ल्यामागे काळा ठिपका, छातीशी नारिंगी झाक. तोंड अगदी लहान. इथल्या मुलांचा पहिला मासा बहुधा हाच असतो.

जूनमध्ये उथळ पाण्यात तळाशी ताटलीसारखे गोल खळगे दिसतात, एकाला लागून एक, एखाद्या वस्तीसारखे. ही ब्लूगिलची घरटी. नर शेपटीने वाळू उडवून खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि राखण बाप करतो. त्या दिवसांत त्याचं स्वतःचं खाणं जेमतेम असतं. ऊबदार पाण्यात दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं पोटाशी असलेल्या पिवळ्या बलकावर काही दिवस काढतात. ही त्यांची माहेरून मिळालेली शिदोरी. ती संपली की पाच-सहा मिलिमीटरचे हे जीव काठ सोडून थेट तळ्याच्या मध्यावर, मोकळ्या पाण्यात जातात.

तिथे असतात प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी. पिल्लांच्या तोंडात मावतील तेवढे बारीक. पिल्लू इतकं लहान आणि पारदर्शक असतं की मोठ्या माशाला ते नीट दिसतही नाही. काही आठवडे असे काढून, एक-दोन सेंटिमीटरचं झालं की ते परत फिरतं आणि काठच्या पाणवनस्पतींच्या दाटीत शिरतं. आता जेवण वेगळं: देठांना चिकटलेल्या अळ्या, बारीक कवचधारी किडे, चिलटांसारख्या माश्यांच्या लालसर अळ्या. या दाटीत ते एक-दोन वर्षं राहतं. आणि मग पाच ते आठ सेंटिमीटरचं झालं की पुन्हा एकदा मोकळ्या पाण्याकडे वळतं. या वेळी तिथे जातं ते डॅफ्नियासाठी. डॅफ्निया म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढी पाणपिसू. माशाच्या मानाने पोळीचा तुकडाही नाही, पण थव्याने मिळते.

एकदा अण्णांनी तळहाताएवढा ब्लूगिल साफ करताना त्याचं पोट पांढऱ्या बशीत उघडलं. महिना जुलै. आत राखाडी लगदा. लेकाने भिंग लावलं आणि ओरडला, "आई, डोळे!" प्रत्येक दाण्यात एक काळा ठिपका, म्हणजे डॅफ्नियाचा डोळा. शेकड्यांनी. त्याच दिवशी वनस्पतींजवळ एक बोटभर मासा गळ खोल गिळून मेला होता. त्याच्या पोटात मात्र दोन अळ्या आणि एका किड्याचं पाय तुटलेलं कवच. मासा एकाच जातीचा, तळं एकच, दिवस एकच, आणि ताटं दोन.

अण्णांना याचं फार नवल वाटलं नाही. "आपल्याकडंबी तसंच की. मत्स्यजिरे आणून सोडलं की ते सगळं बारीक किडाच खातं, रोहू असो, कटला असो. म्हणून तर आधी तळ्यात शेण टाकून पाणी हिरवं करायचं. बोटुकली झाली की मग ज्याची त्याची चूल वेगळी." ते खरंच आहे. कटल्याचं तोंड वरच्या दिशेला वळलेलं, तो मोठेपणीही पृष्ठभागाजवळचे प्राणिप्लवक टिपतो. रोहू मधल्या थरात, त्याचा कल वनस्पतींकडे. मृगळ तळाशी गाळातलं कुजकं-वाकडं वेचतो. गवत्या तर नावाप्रमाणे गवत खातो, पण तोही जन्मतः गवत खात नाही. सुरुवात त्याचीही प्लवकांवरच होते. एकाच तळ्यात तीन-चार जाती सोडतात त्या याच हिशेबाने, एकाच्या ताटात दुसऱ्याचा हात जाऊ नये म्हणून.

ऋतूप्रमाणे ताट

वय बदलतं तसं ताट बदलतं, हे एक झालं. दुसरं म्हणजे ऋतू. आपल्याकडे माशांचं वर्ष पावसाने सुरू होतं. पहिल्या पाण्याला मासे चढणीला लागतात, अंडी घालतात, आणि पिल्लं वर येतात तेव्हा भरलेल्या पाण्यात त्यांचं खाणं तयार असतं. इथे वर्ष सुरू होतं बर्फ वितळल्यावर.

एप्रिल-मेमध्ये उथळ पाणी आधी तापतं. चिखलातल्या आणि वनस्पतींवरच्या अळ्या तेव्हा पुष्ट असतात, म्हणून मोठा ब्लूगिलही त्या वेळी त्याच खातो. पुढे त्याच अळ्यांना पंख फुटतात आणि त्या पाण्याबाहेर उडून जातात. संध्याकाळी तळ्यावर दिव्याभोवती जे ढग जमतात, ती खरं तर माशाच्या ताटातून उठून गेलेली वाढणी असते. मग मोठा ब्लूगिल उन्हाळ्याच्या मध्यावर डॅफ्नियाकडे वळतो. काठच्या खाण्यावर गुजराण करण्यापेक्षा तेव्हा मोकळ्या पाण्यात पोट लवकर भरतं.

शरदात पाणवनस्पती कुजून खाली बसू लागतात. लहान माशांचा आडोसा विरळ होतो आणि त्यांना खाणाऱ्यांची चैन होते. मग बर्फ. बर्फाखाली तळाशी पाणी चार अंशांच्या आसपास असतं, कारण त्या तापमानाला पाणी सर्वांत जड. मासा थंड रक्ताचा. पाणी थंड झालं की त्याचं शरीरच मंदावतं. खाल्लेलं पचायला उन्हाळ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, म्हणून भूकही थोडी. ब्लूगिल हिवाळ्यात खाणं अगदी बंद करत नाही, पण चार घास खाऊन बसतो. बर्फाला भोक पाडून गळ टाकणारे इथले लोक म्हणूनच अगदी इवलासा गळ आणि एखादी अळी वापरतात.

या उपासाची नोंद माशाच्या अंगावर राहते. खवला भिंगाखाली धरला तर झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. उन्हाळ्यातली ऐसपैस, हिवाळ्यातली एकमेकांना खेटलेली. खेटलेले पट्टे मोजले की माशाचं वय कळतं. आमच्या लेकाने एका खवल्यावर चार हिवाळे मोजले आणि म्हणाला, "म्हणजे हा माझ्या निम्म्या वयाचा." तो आठ वर्षांचा आहे.

जो खातो, तो खाल्लाही जातो

तळ्यातला दुसरा मोठा रहिवासी लार्जमाउथ बास. नावाप्रमाणे जबडा प्रचंड. मोठेपणी तो मासे, बेडूक, नदीतल्या झिंग्यांसारखे क्रेफिश, जे तोंडात मावेल ते गिळतो. पण बालपण त्याचंही प्लवकांवर आणि किड्यांवरच जातं. साधारण चार-पाच सेंटिमीटरचा झाला की तो मासे खायला लागतो, आणि इथे वेळेचं गणित फार नाजूक आहे.

बासची अंडी वसंतात आधी फुटतात, ब्लूगिलची त्यानंतर. त्यामुळे जो बास लवकर जन्मला आणि भराभर वाढला, त्याच्यासमोर ब्लूगिलची कोवळी पिल्लं अगदी वेळेवर येतात. मासे खायला लागलेला बास झपाट्याने मोठा होतो. ज्याचा हा मोसम थोडक्यात हुकला, तो किड्यांवरच राहतो, लहान राहतो, अंगावर चरबी कमी साठवतो आणि पहिल्या हिवाळ्यात तोच आधी दगावतो. काही आठवड्यांच्या फरकाने एकाच वर्षाच्या भावंडांची नशिबं वेगळी होतात.

उलट बाजूही आहे. बाप बास घरट्यावरून जरा हलला की ब्लूगिलच येऊन बासची अंडी आणि पिल्लं मटकावतात. आज ज्याची अंडी खाल्ली, तो उद्या वाढून आपल्यालाच खाणार. त्या तळ्यात कायमचा भक्षक कुणी नाही आणि कायमचं भक्ष्यही नाही. जो तो आपापल्या सेंटिमीटरवर अवलंबून.

"तिकडे तर जास्त खाऊ आहे!"

जुलैतल्या एका संध्याकाळी लेकाने तो प्रश्न विचारला. बशीतल्या दोन पोटांची गोष्ट त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. "आजोबा, मधल्या पाण्यात एवढा खाऊ आहे, तर लहान ब्लूगिल तिकडे का जात नाहीत? त्यांना डॅफ्निया आवडत नाही का?"

मला शिकवायला मिळालं म्हणून मी खूश. कारण नेमकं हेच शोधणारा एक प्रसिद्ध प्रयोग आमच्याच भागात झालेला आहे. गल लेकच्या काठी मिशिगन स्टेट विद्यापीठाचं केलॉग जीवशास्त्र केंद्र आहे. हे केलॉग म्हणजे कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरचेच. जमीन त्यांनी दिली. तिथले अर्ल वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तळ्याचे पडद्याने दोन भाग केले. दोन्हीकडे लहान, मध्यम, मोठे असे ब्लूगिल सोडले. एका भागात बास सोडले, दुसऱ्यात नाही. १९८३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले.

जिथे बास नव्हते, तिथे लहान ब्लूगिल बाकीच्यांसारखेच जिथे जास्त खाणं मिळेल तिथे गेले. जिथे बास होते, तिथे लहान मासे वनस्पतींच्या दाटीतच राहिले. तिथे त्यांना कमी मिळत होतं, वाढ खुंटत होती, तरी बाहेर आले नाहीत. बासच्या तोंडात न मावणारे मोठे ब्लूगिल मात्र निर्धास्त मोकळ्या पाण्यात जेवत होते. उलट लहानांनी जागा सोडल्यामुळे त्यांच्या वाट्याला अधिकच आलं. पुढे या संशोधकांनी वेगवेगळी तळी पाहिली. जिथे बास जास्त, तिथे ब्लूगिल अधिक मोठे होईपर्यंत आडोसा सोडत नाहीत. पाच आणि आठ सेंटिमीटरमधला फरक तो हाच.

"म्हणजे," मी फळ्यासमोर उभी असल्यासारखी म्हणाले, "मासा काय खातो हे नुसतं त्याच्या आवडीवर नसतं. तो केवढा आहे, ऋतू कुठला आहे आणि आसपास कोण आहे, यावर ते ठरतं."

लेक बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. अण्णा गळाला अळी लावत होते. मग त्याने मान न वळवता म्हटलं, "त्याला भूक असते. पण बाहेर बास असतो."

रात्री झोपताना बाकीचं आलं. "आई, मला तुझा डबा आवडत नाही असं नाहीये." शाळेत जेवणाच्या टेबलावर दोन मुलं नाक धरायची. डबा उघडला की "समथिंग डाइड" म्हणायची आणि सरकून बसायची. सप्टेंबरात दोनदा झालं. त्यानंतर त्याने डबा उघडलाच नाही. घरी येऊन फ्रिज उघडायचा, कारण दिवसभर उपाशी असायचा.

मी आठ-नऊ महिने "याची चव बदलली" म्हणून हळहळत होते. चव तिथेच होती. मी माशाचं पोट उघडून पाहत होते आणि त्याने ते रिकामं का ठेवलं हे विचारतच नव्हते. खरं सांगायचं तर दोनदा रागावलेही होते; एकदा "अन्नाचा अपमान करू नये" यावर लांबलचक भाषण दिलं होतं. ते आठवून मला त्या रात्री झोप आली नाही.

सकाळी मी अण्णांना सगळं सांगितलं. शाळा उघडली की आधी जाऊन भांडणार होते. अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. "जा की. बोलून ये. पण पोराला लगेच मधल्या पाण्यात ढकलू नको. किती वाढलाय ते त्याचं त्याला ठरवू दे."

"आणि आडोशातच राहिला तर, अण्णा?" मी विचारलं. कारण पुस्तकांत तेही वाचलं होतं. एखाद्या तळ्यात वनस्पती फारच माजल्या की बासला आत शिरता येत नाही, लहान ब्लूगिल सगळेच वाचतात, तेवढ्याच खाण्यात वाटेकरी वाढतात आणि तळं खुज्या माशांनी भरून जातं. अति आडोसाही वाढू देत नाही. हे वाचताना मला लेकाची आठवण झाली, आणि थोडी स्वतःचीही. सात वर्षं वर्ग सांभाळलेली मी इथे पालकसभेतही मागच्या खुर्चीवर बसते.

अण्णा हसले. "राहत नाय. भूक गप बसू देत न्हाय कुणाला."

आता

ऑगस्टच्या शेवटी शाळा सुरू झाल्यावर मी वर्गशिक्षिकेला भेटले. मागच्या खुर्चीवरून नाही, समोर बसून. तिने शांतपणे ऐकून घेतलं, वर्गात सगळ्यांच्याच डब्यांबद्दल बोलली, आणि जेवणाच्या वेळी बसायची जागा मुलांना बदलू दिली. मी घरी दोन गोष्टी केल्या. शाळेत काय न्यायचं ते लेकाने ठरवायचं. पास्ता म्हणाला तर पास्ता, सँडविच म्हणाला तर सँडविच, चेहरा वाकडा न करता. आणि दुपारी चार वाजता घरी आमची "मधली सुट्टी". त्या वेळी वरण-भात, पोळी-भाजी, जे असेल ते ताटात. पहिल्या दिवशी त्याने तीन पोळ्या खाल्ल्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, अण्णा परत जायच्या आदल्या दिवशी, तो स्वतःहून म्हणाला, "आई, फ्रायडेला थालीपीठ दे. लहान लहान कर." दिलं. डबा परत आला तेव्हा दोन गायब होती आणि दोन शिल्लक. एक त्याने खाल्लं होतं, एक शेजारच्या मुलाने. सोमवारी पुन्हा पास्ता. अण्णांना इंदापूरला फोनवर सांगितलं तर म्हणाले, "चांगलंय की. मोकळ्या पाण्यात जाऊन आला."

तुम्ही हा अंक वाचत असाल तेव्हा इथल्या तळ्यातल्या वनस्पती खाली बसल्या असतील, ब्लूगिल खोल पाण्याकडे सरकले असतील आणि त्यांची भूक थोडी झाली असेल. आपल्या घरांत मात्र चकल्या, करंज्या, चिवडा यांचे डबे भरलेले असतील. फराळातलं मुलांनी काही शाळेत न्यायचं नाकारलं, तर एकदम वाईट वाटून घेऊ नका. एकदा एवढंच विचारून पाहा की तो डबा उघडताना शेजारी कोण बसलेलं असतं.

आमच्या फ्रिजवर लेकाने एक कागद लावलाय. त्यावर पट्टीने आखलेली रेघ आहे, पाच सेंटिमीटरला एक खूण आणि आठला एक. दोन्हींच्या मध्ये त्याने एक मासा काढलाय. कुठल्या बाजूला तोंड करून आहे ते अजून ठरलेलं नाही. डोळा काढायचा राहिलाय.